हाताच्या अंदाजाचे स्तोम

“आमच्या मिस्त्रीला टॉर्क रेंच लागत नाही. त्याचा हातच काटा आहे!”

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते सुरू झाले की पुढचे सारे मी मनातल्या मनात पुरे करतो. निगडी-प्राधिकरणातल्या एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये जुनी फियाट उभी असते. तिचा रंग नवा असतो, बंपर इतका चकचकीत असतो की त्यात पाहून भांग पाडावा, आणि मालक बॉनेट वर करून पाहुण्यांना इंजिन दाखवीत असतात. पाहुणे ‘वा!’ म्हणतात. मग मिस्त्रीची कथा निघते. तो फारसा शिकलेला नाही, त्याच्याजवळ हत्यारे बेताचीच आहेत, पण नुसता कान लावून तो इंजिनाचा रोग सांगतो आणि नट आवळताना कुठे थांबायचे हे त्याच्या मनगटाला बरोबर कळते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचेच काय ते बाकी राहते. गंमत अशी की ही कथा सांगणारे गृहस्थ बहुधा पिंपरीच्या नाहीतर चाकणच्या एखाद्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असतात. तिथे हाताखालच्या माणसाने एक बोल्ट जरी अंदाजाने आवळला तरी ते त्याला सोडणार नाहीत!

मला या कथेचा राग येतो. मिस्त्रीचा नव्हे, कथेचा. कौतुकाला पैसे पडत नाहीत, मोजमापाला पडतात. म्हणून कौतुक सढळ हाताने वाटायचे आणि मोजमापाचा विषय निघाला की ‘अहो, पूर्वी कुठे होते हे सगळे?’ म्हणायचे, असा हा साधा व्यवहार आहे. त्याला उगाच संस्कृतीची शाल पांघरू नये. आणि या व्यवहाराची किंमत इंजिनात सर्वांत आधी कोण मोजतो म्हणाल, तर कनेक्टिंग रॉड. कोशकारांनी त्याला प्रतिशब्द केले असतील. गॅरेजात त्याला नुसते ‘रॉड’ म्हणतात, आणि मीही तसेच म्हणणार आहे.

ज्या वाचक भगिनींना वाटत असेल की दिवाळी अंकात हे लोखंड कशाला, त्यांना मी त्यांच्याच घरातले उदाहरण देतो. पायाने चालवायचे शिवणाचे यंत्र आठवा. खाली पायटा वरखाली हलतो आणि बाजूचे चाक गोल फिरते. त्या दोघांच्या मध्ये एक दांडी असते. वरखाली हलण्याचे गोल फिरण्यात रूपांतर करण्याचे काम ती दांडी करते. मोटारीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो, क्रँक गोल फिरतो आणि मध्ये रॉड असतो. एवढाच तो विषय. फरक वेगाचा आहे.

हा वेग किती ते एकदा हिशेबाने पाहू. फियाट ११०० चे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघर पोचली. तिचा पिस्टन ७५ मिलिमीटर वर जातो आणि तितकाच खाली येतो, म्हणजे जेमतेम चार बोटे. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर हा पिस्टन मिनिटातून ८००० वेळा पूर्ण थांबतो, आणि दर दोन थांब्यांच्या मध्ये ताशी ५५ किलोमीटरहून अधिक वेगाने धावून येतो. चार बोटांच्या अंतरात! त्याला थांबवून उलटा फिरवायला जो जोर लागतो तो त्याच्या वजनाच्या सुमारे पावणेसातशेपट भरतो, आणि रॉड तिरका होत असल्यामुळे वरच्या टोकाला त्याहूनही काही अधिक. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून अर्धा किलो धरले तरी हा जोर सव्वातीनशे किलोच्या वर जातो. धूर बाहेर टाकणाऱ्या फेरीत पिस्टन वर येतो तेव्हा त्याला वरून अडवायला दाबलेला वायूही नसतो, कारण व्हाल्व्ह उघडा असतो. तो सगळा हिसका रॉडच्या खालच्या टोकाची कॅप आणि तिचे दोन बोल्ट सोसतात. आपण मुलाबाळांना घेऊन आळंदीला निघालो असताना हा प्रकार चार सिलिंडरांत अखंड चालू असतो. ते दोन बोल्ट म्हणे मिस्त्रीच्या मनगटाच्या भरवशावर!

आता कॅप. रॉडचे खालचे टोक क्रँकला मिठी मारून बसते, पण ते अखंड असेल तर बसवणार कसे? म्हणून त्याचे दोन भाग असतात. अर्धा गोल रॉडला आणि अर्धा गोल सुटा. तो सुटा भाग म्हणजे कॅप. कारखान्यात हे दोन भाग एकत्र आवळतात आणि मगच आतले भोक अचूक गोल करतात. त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला लावली तर बोल्ट बसतात, नट आवळले जातात, सारे ठीक दिसते. पण भोक गोल राहिलेले नसते. दिवाळीच्या फराळाचे डबे ज्यांनी घासून-पुसून ठेवले असतील त्यांना हे अधिक सांगायला नको. चार डबे आणि चार झाकणे वरून सारखीच दिसतात. पण एकाचे झाकण दुसऱ्याला लावायचे तर बुक्क्या माराव्या लागतात, आणि चार दिवसांनी चिवडा मऊ पडतो तेव्हा आपण पोह्यांना दोष देतो. म्हणून रॉडवर आणि त्याच्या कॅपवर एकच आकडा कोरलेला असतो, आणि दोन्ही आकडे एकाच बाजूला यावे लागतात. आकडा तोच पण बाजू उलटी, असे झाले तरी काम बिघडले. जुन्या विलिस जीपमध्ये तर आणखी एक खोच आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत महिंद्रांनी आपल्याकडे आणलेली ती जीप. तिच्या रॉडचे खालचे टोक मधोमध नसून एका अंगाला सरकलेले असते, आणि ती जास्तीची बाजू जवळच्या मेन बेअरिंगपासून लांब ठेवावी लागते. शिवाय रॉडला तेलाच्या फवाऱ्याचे बारीक छिद्र असते, आणि त्याचे तोंड कुणीकडे यावे हे पुस्तकात ठरवून दिलेले आहे. मनगटाला हे कसे कळणार?

या अंदाजपंथीयांचा एक आवडता इलाज आहे. इंजिन वाजू लागले, रॉडचे बेअरिंग सैल झाले, की कॅप काढायची, तिचे तोंड कानशीवर चार हात घासायचे आणि पुन्हा आवळायची. सैलपणा गेला! कुणी त्याहून हुशार असला तर बेअरिंगच्या पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालतो. खडखड थांबते, मालक खूश होतो आणि मिस्त्रीच्या हाताची कीर्ती आणखी दोन गल्ल्या पसरते.

आता या कानशीची बाजूही मी मांडतो, कारण तिच्यामागे खरा इतिहास आहे आणि तो अंदाजाचा कैवार घेणाऱ्यांना ठाऊक नसतो. मोटारीच्या आरंभीच्या काळात, म्हणजे फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळातल्या मॉडेल टीमध्ये आणि तिच्या मागून आलेल्या मॉडेल एमध्ये, रॉडला सुटे बेअरिंग नव्हतेच. कथलाचा अंश असलेला मऊ पांढरा धातू वितळवून थेट रॉडमध्ये ओतत, आणि तो कोरून, घासून क्रँकच्या मापाचा करीत. तो झिजला की कॅप थोडी जवळ आणावी लागे. त्यासाठी कॅपखालच्या पातळ पत्र्या एकेक काढीत. पत्र्या संपल्या किंवा नसल्याच की कानस चालवीत, आणि मग आतला धातू निळ्या रंगाची खूण पाहत पाहत पुन्हा खरवडून गोल आणीत. त्या काळी ते काम बरोबर होते, आणि ते करणारे लोक खरोखरच कसबी होते. पुढे पातळ पोलादी पाठीची, तयार मापाची बेअरिंगे आली. फियाटमध्ये तीच आहेत. ती बाजारातून जोडीने आणायची आणि बसवायची. त्यांना खरवडायचे नसते. कॅपची दोन्ही तोंडे मिळाली की ही बेअरिंगे किंचित दाबली जाऊन आपल्या जागी घट्ट धरली जातात, आणि तो दाब किती हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. तिथे कानस चालवली की दाब वाढतो, बेअरिंग आतल्या बाजूला फुगते, भोक अंड्यासारखे होते. तेलाचा पापुद्रा एका अंगाला तुटतो आणि दुसऱ्या अंगाला सांडतो. पाठीमागे चांदी घातली तर बेअरिंगची उष्णता रॉडमध्ये उतरत नाही. आजोबांचे औषध नातवाच्या रोगाला द्यायचे, आणि वर ‘हे परंपरेचे ज्ञान आहे’ म्हणायचे, असला हा प्रकार. शिवाय आजोबा निळा रंग लावून पाहत, म्हणजे तेही मोजतच होते! नातवाने कानस तेवढी उचलली आणि रंग टाकून दिला.

कॅपचे तोंड घासणे हेच पाप आहे असेही नाही बरे का. चांगल्या मशीनशॉपमध्ये कॅपचे आणि रॉडचे तोंड यंत्रावर किंचित घासतात, दोन्ही आवळतात आणि मग भोक पुन्हा मूळ मापाला गोल करून घेतात. त्या शेवटच्या कामाचेच पैसे द्यायची आमची तयारी नसते.

चिंचवड स्टेशनच्या बाजूला एका बोळात एक मिस्त्री आहेत. त्यांचे नाव मी सांगत नाही, कारण त्यांच्या दारात रांग लागलेली त्यांना आवडणार नाही. त्यांचे काम मी अनेकदा स्टुलावर बसून पाहिले आहे. इंजिन उघडले की पहिली गोष्ट ते करतात ती ही की काहीच सोडत नाहीत. कॅपा आवळलेल्या असतानाच आकडे शोधतात. नसतील, किंवा मागच्या कुणा कलावंताने पुसले असतील, तर आकड्यांचा पंच घेऊन रॉडवर आणि कॅपवर एकाच अंगाला हलक्या हाताने उमटवतात. मग सोडतात, आणि सोडल्यावर प्रत्येक रॉडला त्याची कॅप पुन्हा लावूनच ट्रेमध्ये ठेवतात. रॉड पीळ खाल्लेला किंवा वाकलेला नाही ना, हे पाहण्यासाठी ते मशीनशॉपला पाठवतात. क्रँक मायक्रोमीटरने मोजतात, तोही एका जागी नव्हे. प्रत्येक रॉडच्या जागी आडवे आणि उभे माप घेतात, कारण क्रँक गोल झिजत नाही. मग तो दहा थाऊ उतरवायचा की वीस, हे ठरते आणि त्याप्रमाणे बेअरिंग येते. बेअरिंगची पाठ आणि रॉडची कुशी ते धुवट फडक्याने पुसून कोरडी ठेवतात. तेल आतल्या अंगाला, पाठीला थेंबही नाही.

बसवताना तर पाहत राहावे. रॉडच्या दोन्ही बोल्टांवर ते रबरी नळीचे तुकडे चढवतात, म्हणजे पिस्टन वरून खाली सारताना बोल्टाच्या आट्यांनी क्रँकला ओरखडा पडत नाही. पिस्टनची पुढची खूण पुढे आणि रॉडचा आकडा आपल्या बाजूला आहे हे पाहिल्यावर ते मेणासारख्या मऊ प्लास्टिकचा बारीक धागा क्रँकवर आडवा ठेवतात, कॅप लावून पुऱ्या मापाने आवळतात आणि पुन्हा सोडतात. धागा किती चपटला ते पाकिटावर छापलेल्या पट्टीशी ताडून पाहतात. तेवढी फट तेलासाठी मोकळी आहे. जुना ठोकताळा असा की क्रँकचा व्यास जितके इंच, तितके हजारांश इंच फट. दोन इंचांच्या क्रँकला दोन हजारांश, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी. ही फट बोटांना कळते असे सांगणारा मनुष्य एकतर योगी असावा, नाहीतर थापाड्या. आणि योगी लोक गॅरेज चालवीत नाहीत.

धागा पुसून, तेल लावून कॅप कायमची बसते तेव्हा ते एका दमात आवळत नाहीत. दोन्ही नट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत, आणि शेवटचा टप्पा टॉर्क रेंचने. एक रॉड झाला की क्रँक हाताने फिरवून पाहतात, मग दुसरा. चारही रॉड बसवून मग क्रँक अडला तर दोष कोणाचा हे शोधणार कसे? खाचांच्या नटात स्प्लिट पिन घालायची असेल आणि भोक जुळत नसेल तर ते नट मागे सैल करीत नाहीत. मापाच्या मर्यादेत पुढे जाता आले तर जातात, नाहीतर नट बदलतात. हे सारे आकडे ते शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहून ठेवतात. मी एकदा त्यांना छेडले, “मिस्त्री, लोक तर म्हणतात तुमचा हातच काटा आहे.” ते वर न पाहताच म्हणाले, “काका, हाताला दुपारी भूक लागते. काट्याला लागत नाही.”

आता कुणी शिकलेला माणूस मला अडवील की टॉर्क रेंचही कुठे परिपूर्ण आहे? मान्य! नट फिरवायला आपण जो जोर लावतो त्याचा बहुतेक भाग घर्षणात जातो, आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला उरतो. आटे कोरडे की तेलकट यावरून तोच आकडा वेगळा ताण देतो. म्हणून पुस्तकात कोरडे सांगितले असेल तर कोरडे, तेल लावून सांगितले असेल तर तेल लावून आवळावे. मायक्रोमीटरने बोल्ट किती लांबला हे मोजणे त्याहून चांगले. पण म्हणून काय झाले? घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे म्हणून कुणी ते फेकून देऊन कोंबड्याच्या आरवण्यावर लोकल गाठायला निघत नाही. मुळात बोल्ट आवळायचा तो नुसता सुटू नये म्हणून नव्हे. तो आधीच इतका ताणलेला असावा लागतो की पिस्टनचा हिसका आला तरी त्याच्या ताणात फारसा चढउतार होऊ नये. कमी आवळला तर प्रत्येक फेरीला तो ताणतो आणि सैलावतो, आणि पत्र्याची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा एक दिवस तुटतो. जास्त आवळला तर तो कायमचा लांबतो आणि मग त्याच्यात जीव राहत नाही. दोन्ही बोल्ट बाहेरून सारखेच दिसतात, हीच खरी पंचाईत.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. वडिलांनी घेतलेली फियाट त्यांनी जपली होती. आई माहेरहून बाळाला घेऊन त्याच गाडीतून घरी आली होती, आणि ते बाळ आता पन्नाशीचे गृहस्थ आहे. इंजिन बांधायला एका गॅरेजात दिले. गॅरेजाचा लौकिक मोठा, हाताच्या अंदाजाबद्दलच. काही महिने गाडी छान पळाली. मग एका रविवारी चढावर आधी टकटक, मग एक मोठा आवाज, आणि रॉडने ब्लॉकची भिंत फोडून बाहेर डोके काढले. मी ते तुकडे पाहिले. तिसऱ्या रॉडवर दुसऱ्याची कॅप होती, आणि तिच्या तोंडावर कानशीचे ताजे चरे होते. पण माझा राग तिथे नाही. राग पुढच्या गोष्टीचा आहे. गॅरेजवाल्याने सांगितले, “हेल्परने आवळले असणार,” आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोराला दुसऱ्या दिवशी काढून टाकले. गाडी चालली तोवर उस्तादाचा हात, आणि फुटली तेव्हा हेल्परचा हात! जिथे आकडा लिहिलेलाच नाही तिथे त्या पोराने आपली बाजू मांडावी तरी कशाच्या आधारावर? मापाची वही ही मालकापेक्षाही त्या पोराच्या संरक्षणाची गोष्ट आहे, हे आमच्या हस्तकौशल्याच्या भाटांना कधी सुचत नाही.

आणि ब्लॉक फुटणे ही आता नुसती पैशांची बाब राहिलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे, तेव्हा पहिल्या पद्मिनी आता या पंक्तीत बसल्या आहेत. मूळ नंबर असलेला ब्लॉक एकदा फुटला की तो कोणत्या दुकानात मिळणार?

‘नवे इंजिन टाका, कटकट मिटवा’ असे म्हणणारेही आहेतच. आपल्याकडे कितीतरी जुन्या गाड्यांच्या पोटात डिझेलची इंजिने अशीच शिरली, आणि त्या काळी पेट्रोल परवडत नव्हते म्हणून ज्यांनी ते केले त्यांना मी नावे ठेवणार नाही. पोट भरण्यासाठी गाडी चालवणाऱ्याचा न्याय वेगळा. पण जो मनुष्य रंगावर आणि क्रोमियमवर लाख-दीड लाख उधळतो त्याने रॉडच्या वेळी गरिबी सांगू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा किती लोकांनी हळहळ व्यक्त केली! ती हळहळ खोटी होती असे मी म्हणत नाही. पण त्या टॅक्सीवाल्यांनी गाडीबरोबर फोटो काढून तिला जपले नव्हते. तेल वेळेवर बदलून आणि खडखड ऐकताच इंजिन उघडून त्यांनी ती इतकी वर्षे चालवली होती.

हे सारे कुठे घडते आहे ते पाहा, म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो कसा असतो ते कळेल. १९६१ साली पुण्यात नीलकंठराव कल्याणींनी भारत फोर्ज उभी केली आणि क्रँक व रॉड घडवण्याच्या धंद्यात हा मुलूख जगभर ओळखला जाऊ लागला. टेल्को पिंपरीला आली, बजाजचे कारखाने आकुर्डीला आणि पुढे चाकणला झाले, मग महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज साऱ्यांनी चाकणची वाट धरली. आजच्या कित्येक इंजिनांत रॉडची कॅप करवतीने वेगळी करीतच नाहीत. अखंड रॉडला आतून बारीक खाच पाडतात आणि एका झटक्यात तो तडकवून दोन तुकडे करतात. तुटलेल्या जागेचे खडबडीत दाणे एकमेकांत असे बसतात की त्या कॅपला जगात दुसरा जोडीदार उरत नाही. कानशीला तर तिथे जागाच नाही. या कारखान्यांतली हजारो माणसे दिवसभर हजारांश मिलिमीटर मोजतात. आणि त्यांतलाच एखादा संध्याकाळी सुटून आपली जुनी गाडी गॅरेजात देतो तेव्हा म्हणतो, “मिस्त्री, तुम्हाला काय सांगायचे? तुमचा अंदाज!” कारखान्याच्या फाटकाबाहेर पडताना मनुष्य हेल्मेटबरोबर अक्कलही खुंटीला टांगून येतो की काय, कोण जाणे.

मराठीला यंत्राचे वावडे आहे असे मात्र कुणी म्हणू नये. ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघाले ते नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्यातून. मराठी वाचकाला लोखंड आणि साहित्य एकाच पानावर वाचायची सवय शंभर वर्षांची आहे. तरीही मी जी जी गॅरेजे पाहिली त्यांतल्या एकाही भिंतीवर मला मराठीत छापलेला मापांचा तक्ता दिसला नाही. कॅलेंडरे दिसली, देवांच्या तसबिरी दिसल्या, बेअरिंग कंपनीची जाहिरात दिसली. पुस्तक असलेच तर इंग्रजीत, आणि तेही मालकाच्या कपाटात. मग मिस्त्रीने अंदाज नाही वापरायचा तर काय वापरायचे? आकडे आपण त्याच्या भाषेत त्याच्यापुढे ठेवले नाहीत, आणि त्याच्या आकड्यावाचून चालण्याचे मात्र पोवाडे गायिले.

खंडेनवमीला मी मुद्दाम चार गॅरेजांत जाऊन आलो. पाने, हातोड्या, जॅक, पुली काढायचा पुलर, सारे पुसून मांडलेले, हळदकुंकू वाहिलेले, झेंडूच्या माळा घातलेल्या. प्रसाद घेतला. चौघांपैकी एकाच्याच पाटावर मायक्रोमीटर होता, आणि तो कोणाच्या पाटावर होता हे वाचकांनी ओळखले असेलच.

कोणी म्हणेल, या मोजमापाला वेळ फार जातो. चार रॉडांचे हे मोजणे, धागा ठेवणे आणि बसवणे यांना एक दिवस पुरतो. रंगवाल्याला आपण तीन आठवडे दिले होते आणि तो पाचवा आठवडा लावील तरी आपण चकार शब्द काढीत नाही. मिस्त्रीला तो एक दिवस द्यावा आणि त्या दिवसाची मजुरी वेगळी द्यावी. त्याच्याजवळ टॉर्क रेंच नसेल तर यंदा भेट म्हणून मिठाईच्या पुड्याऐवजी तोच द्यावा. आणि बिलाबरोबर एक कागद मागावा. त्यावर चारही सिलिंडरांच्या रॉडचे आणि कॅपचे आकडे, क्रँकचे प्रत्येक जागचे माप, बेअरिंगची साईज, धाग्यावरून निघालेली फट, बोल्ट नवे की जुने, आवळण्याचा आकडा, आटे कोरडे होते की तेलाचे, आणि तारीख, एवढे लिहिलेले असावे. खाली ज्याने आवळले त्याची सही. तो हेल्पर असला तर हेल्परची.